रोजकीर्दीत न आलेलं जेवण

बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला महाविद्यालयातून व्याख्यानाचं बोलावणं येतं ते बहुधा ‘बचतीचे महत्त्व’ या विषयावर. त्यातून त्याच्या नावावर चार-दोन कादंबऱ्या असल्या तर ‘वाचनसंस्कृती’वर. गेल्या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात वालीवच्या बाजूच्या एका महाविद्यालयातून फोन आला, तेव्हा मी सवयीनं या दोनपैकी एका भाषणाचे कागद मनातल्या मनात काढून ठेवले होते. पण प्राध्यापिका बाई म्हणाल्या, “सर, राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांसाठी तुमचे सहा शनिवार हवेत. विषय आहे शाश्वत आहार.”

मी फोन ठेवला आणि बायकोला सांगितलं. ती म्हणाली, “तुम्ही? वांगी आणायला पाठवलं तर किडकी घेऊन येता!” हे खरं आहे. तरीही मी होकार दिला होता. का दिला, ते पुढे येईलच.

पहिल्या शनिवारी जरा लवकर पोचलो आणि उपाहारगृहात चहा घेत बसलो. भिंतीवर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या परिपत्रकाची एक पिवळी पडलेली प्रत चिकटवलेली होती. आयोगानं नोव्हेंबर २०१६ मध्ये देशभरच्या उच्च शिक्षण संस्थांना जंक फूडवर बंदी घालायला सांगितलं होतं आणि ऑगस्ट २०१८ मध्ये त्याची पुन्हा आठवण करून दिली होती. परिपत्रकाच्या बरोबर खाली शेजवान फ्राइड राइसचा तवा धडधडत होता. शेजारी २०२३ च्या आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्षाचा एक फलक उरला होता. त्याखालच्या बरणीत नाचणीची बिस्किटं होती, प्रत्येक बिस्किट वेगळ्या प्लास्टिकच्या वेष्टनात. नाचणी आपल्याच जिल्ह्यात, जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात पिकते. ही बिस्किटं मात्र कुठल्या तरी लांबच्या कारखान्यातून आलेली होती.

त्या दिवशीचं माझं भाषण पडलं. मी तयारी केली होती. २०१९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात सोळा देशांच्या सदतीस शास्त्रज्ञांनी पृथ्वीला परवडेल असं ताट कसं असावं हे मांडलं, ते सांगितलं. जगातल्या हरितगृह वायूंपैकी सुमारे एक तृतीयांश अन्नाच्या साखळीतून येतात, हेही सांगितलं. चौतीस मुलं शांतपणे ऐकत होती. शेवटी “काही प्रश्न?” असं विचारल्यावर मागच्या बाकावरून एक हात वर आला. “सर, हजेरी कधी घेणार?”

राग यायला हवा होता, पण आला नाही. यातल्या बऱ्याच मुलांचा दिवस मला नंतर कळला. सकाळी सातच्या तासाला हजर राहायचं, म्हणजे घरातून सव्वासहाला निघायचं. बारानंतर कुणी गाळ्यात पॅकिंगला जातो, कुणी मोबाइलच्या दुकानात, कुणी डिलिव्हरीची पिशवी पाठीला लावतो. रात्री नऊला घरी. मधल्या पंधरा तासांत जे हातात येईल, पंधरा-वीस रुपयांत बसेल आणि उभ्यानं खाता येईल, तो त्यांचा आहार. अशा मुलाला पृथ्वीची मर्यादा सांगणं म्हणजे हप्ते थकलेल्या कर्जदाराला चलनवाढीवर व्याख्यान देण्यासारखं आहे. तेही मी नोकरीत असताना केलेलं आहे. उपयोग झाला नव्हता.

म्हणून दुसऱ्या शनिवारी मी माझ्या धंद्यावर आलो. चौतीस वह्या वाटल्या आणि सांगितलं की सात दिवस रोजकीर्द लिहा. चार रकाने आखून दिले : काय खाल्लं, किती रुपये पडले, कुठून आलं, किती टाकलं. कोणताही उपदेश नाही, लिहायचं फक्त.

चौतीसपैकी एकवीस वह्या परत आल्या. वसुली वाईट म्हणता येणार नाही. त्या चाळताना माझी दोन रात्री करमणूक झाली. एका वहीत सात दिवसांत सतरा वडापाव होते. आणखी एका मुलानं ‘टाकलं’ या रकान्यात प्रामाणिकपणे ‘डब्यातली भाजी’ असं पाच वेळा लिहिलं होतं. पण मला थांबवलं ते तिसऱ्या रकान्यानं. ‘कुठून आलं’ याचं उत्तर म्हणून मुलांनी टपरी, कॅन्टीन, अमुक अ‍ॅप असं लिहिलं होतं. त्यापलीकडे कुणी गेलं नव्हतं. नालासोपाऱ्याच्या एका मुलीनं सातही दिवस, दोन्ही वेळा, त्या रकान्यात एकच शब्द लिहिला होता : आई.

विद्यार्थ्यांना जबाबदारीनं खायला शिकवता येतं का, हा प्रश्न जगात इतरांनीही विचारला आहे. कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइड विद्यापीठात तत्त्वज्ञानाच्या वर्गात काही विद्यार्थ्यांशी मांसाहाराच्या नैतिकतेवर चर्चा केली गेली आणि नंतर त्यांच्या कॅम्पसवरच्या जेवणाच्या पावत्या तपासल्या. चर्चेआधी बावन्न टक्के खरेदी मांसाहारी होती, चर्चेनंतर ती पंचेचाळीसवर आली. हे २०२० मध्ये प्रसिद्ध झालं. केंब्रिज विद्यापीठानं उलटा रस्ता धरला. व्याख्यानं न देता २०१६ पासून आपल्या उपाहारगृहांतून गोमांस आणि मेंढीचं मांसच काढून टाकलं, आणि दर किलो अन्नामागचं कार्बन उत्सर्जन एक तृतीयांशानं घटल्याचं २०१९ मध्ये जाहीर केलं. मला पावत्या तपासण्याची कल्पना आवडली. माणूस काय बोलतो यापेक्षा त्याचं पासबुक काय बोलतं ते बघावं, हे मी पस्तीस वर्षं करत आलो. पण दोन्ही प्रयोग अशा मुलांवर झालेले, ज्यांच्या ताटात काढून टाकण्याइतकं काही होतं. आमच्या एकवीस वह्यांत मटण एकूण चार वेळा आलं होतं. इथे काढायचं काय?

तिसऱ्या शनिवारी वर्गात न बसता मुलांना घेऊन नाक्यावरच्या बाजारात गेलो. नुकताच पाऊस लागला होता. हायवेच्या बाजूला, गाळ्यांच्या कुंपणाला टेकून, तुंगारेश्वरच्या पायथ्याच्या पाड्यांवरच्या चार बायका बसल्या होत्या. पुढ्यात शेवळांच्या जुड्या. शेवळं म्हणजे पहिल्या पावसात जमिनीतून वर येणारे लांब, टोकदार, जांभळट कोंब. ठाणे-पालघरकडच्या जुन्या घरांत त्यांची वर्षातून एकदा तरी भाजी व्हायचीच. मी माहीतगाराच्या थाटात मुलांना सांगू लागलो, ही रानभाजी, पाणी टाकून उकडायची, पाणी फेकून द्यायचं, की झालं.

“नाही सर,” मागून आवाज आला. “काकडं टाकायला लागतात. नाय तर घसा धरतो.”

हा तोच, हजेरी विचारणारा. त्याचं म्हणणं बरोबर होतं. शेवळांत सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते घशाला टोचतात. काकड नावाच्या झाडाची आंबट फळं घातली म्हणजे ती खाज मरते, काकडं नसली तर चिंच. बायका शेवळांच्या जुडीबरोबर मूठभर काकडं देतात ती याचसाठी. पोरगा आता सुटलाच. कोंब खुडायचा, कंद उपटायचा नाही. एका जागचे सगळे कोंब काढायचे नाहीत, बी धरायला काही ठेवायचे. टाकळा कोवळा असेल तोवरच घ्यायचा. आणि गाळ्यांच्या मागच्या गटाराकाठी कितीही हिरवागार उगवला तरी त्याला हात लावायचा नाही, तिथे कारखान्याचं पाणी येतं. मुली वहीत लिहून घेत होत्या. त्यांनी माझं काहीच लिहून घेतलं नव्हतं.

घरी आल्यावर मी त्याची वही काढली. सात दिवस : वडापाव, चहा-खारी, मॅगी, समोसा. शेवळांचं नाव नाही, टाकळ्याचं नाही, तांदळाच्या भाकरीचंही नाही. मला वाटलं पोरगा लाजला. रानातलं खातो हे चारचौघांत लिहायला नको वाटलं असेल. पुढच्या शनिवारी त्याला बाजूला घेऊन, जरा सांभाळूनच, विचारलं.

तो गोंधळला. “ते लिहायचं होतं का? ते विकत घेतलेलं नव्हतं ना. तुम्ही रुपये लिहायला सांगितले होते.”

म्हणजे लाज वगैरे काही नव्हती. रकाना माझा होता. बँकेतल्या माणसानं आखलेली वही, तिच्यात रुपये न पडलेली वस्तू कुठे लिहिणार? पोरानं माझ्या नियमाप्रमाणे हिशेब चोख ठेवला होता, आणि त्यामुळे त्याच्या घरचं सगळं जेवण हिशेबाबाहेर गेलं होतं.

आता मी होकार का दिला ते सांगतो. १९८७ साली मी वसईच्या एका शाखेत लघुउद्योगांच्या कर्जांचं काम पाहत होतो. अठ्ठावीस वर्षांचा होतो. वसई रोड स्टेशनच्या पूर्वेला गाळे भराभर उभे राहत होते आणि ती लाट वालीवपर्यंत पोचली होती. पुढे १९९० मध्ये सिडकोची नेमणूक झाली, २००९ मध्ये महापालिका आली, २०१४ मध्ये पालघर जिल्हा झाला. पण त्या दिवसांत वालीव हे तुंगारेश्वरच्या कुशीतलं भाताचं गाव होतं. मी जागेच्या पाहणीला जायचो तेव्हा पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून बांधावरून चालावं लागे.

एका जुलैत अशाच एका पाहणीत पाऊस कोसळला आणि मी शेताच्या मालकाच्या घरात अडकलो. मालक जमीन विकून मोकळा झाला होता, गाळेवाल्याचं कर्ज आमच्याकडे होतं. त्याच्या आईनं मला आग्रहानं जेवायला बसवलं. तांदळाची भाकरी, बांधावरच्या कुर्डूची भाजी आणि मुठ्यांचा रस्सा. मुठे म्हणजे शेतातले छोटे खेकडे. पहिल्या पावसाच्या पाण्याबरोबर ओहोळातून शेतात चढणारे वलगणीचे मासे त्यांनी सुकवून ठेवले होते, तेही तिनं भाजून वाढले. “हे सगळं शेतातलंच,” म्हातारी म्हणाली. मी पोटभर जेवलो. संध्याकाळी शाखेत येऊन अहवाल लिहिला. जमिनीचा प्रकार : एकपिकी. वार्षिक उत्पन्न : भात, अमुक क्विंटल. कुर्डू, मुठे, वलगणीचे मासे, बांधावरची तूर, यांना छापील फॉर्मात जागा नव्हती, आणि ती करावी असं मला वाटलंही नाही. एकपिकी जमिनीवर गाळा उभा राहणं कुणालाही फायद्याचंच दिसलं असतं. कर्ज मंजूर झालं. वेळेवर फिटलंही.

मी काही आज छाती बडवून घेत नाही. त्या गाळ्यांनी हजारोंना पोटाला लावलं. माझ्यासमोर बसलेल्या चौतीस मुलांपैकी निम्म्यांचे बाप तिथेच कामाला आहेत, आणि त्यांना परत भात लावायला पाठवा असं म्हणणारा मी कोण? वसईची हिरवळ आणि विहिरींचं पाणी वाचवण्यासाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसईची माणसं रस्त्यावर उतरली, तेव्हा मी काउंटरच्या आत होतो, हेही खरं. पण वालीवच्या त्या शेतातून वर्षाला किती जेवणं निघत होती, याचा आकडा कुठल्याच दप्तरात नाही, आणि त्यातला एक अहवाल माझ्या सहीचा आहे. हे मी मुलांना चौथ्या शनिवारी सांगून टाकलं. त्या दिवशी हजेरीचं कुणी विचारलं नाही.

पाचवा शनिवार ऑगस्टात आला, पश्चिमेला फिरायला. आगाशीकडे राजेळी केळी वाळवून सुकेळी करणारी घरं आता बोटावर मोजण्याइतकी राहिली आहेत. मुलांनी सुकेळी पहिल्यांदाच पाहिली. पिकलेलं केळं सोलून उन्हात वाळवायचं आणि केळीच्याच सुक्या पानात बांधून ठेवायचं. महिनोन् महिने टिकतं, खिशात मावतं, उभ्यानं खाता येतं. डिलिव्हरीवाल्या मुलानं तिथेच विचारलं, “मग हे स्टेशनवर का नाही मिळत?” किंमत सांगितल्यावर त्याचं त्यालाच उत्तर मिळालं. हातानं केलेल्या, मोजक्याच निघणाऱ्या मालाला वडापावचा भाव परवडत नाही.

मग मासळीबाजार. जून-जुलैची मासेमारीबंदी संपून बोटी लागल्या होत्या. २०२३ मध्ये पापलेट हा महाराष्ट्राचा राज्यमासा ठरला, आणि त्याच वर्षी राज्यानं ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरवून दिली. पापलेटाची १३५ मिलिमीटर. याहून लहान मासा धरला तर अंडी घालायच्या आधीच पिढी संपते. सातपाटीच्या कोळ्यांना हे सरकारनं सांगायच्या आधीपासून ठाऊक आहे. आमच्या मुलांनी कंपासपेटीतल्या पट्ट्या आणल्या होत्या. एक मुलगी पट्टी लावून वाकली, तशी मासेवाली म्हणाली, “मापं काय घेतेस गो, झगा शिवायचाय काय त्याला?” सगळा बाजार हसला. नंतर मात्र तिनंच आपल्या पाटीतले दोन बारके मासे उचलून दाखवले. “हे बघ, हे गिऱ्हाईक मागतं म्हणून आणायचे. स्वस्तात हवं असतं. तुमच्यासारख्यांनी नाय घेतले तर मी कशाला आणीन?” सहा शनिवारांतलं सगळ्यात चांगलं व्याख्यान ते होतं, दीड मिनिटाचं.

परतताना गोखिवऱ्याच्या भोईदापाड्यावरची कचराभूमी लांबून दाखवली. तिच्याबद्दल फार बोललो नाही, वाऱ्यानंच सांगितलं. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालात भारतातल्या घरांतून माणशी वर्षाला ५५ किलो अन्न वाया जातं असा अंदाज आहे. ज्यानं पाच वेळा भाजी टाकली होती, तो गाडीत गप्प होता.

शेवटच्या शनिवारी स्वयंपाक. शेवळांचा हंगाम सरला होता. पाड्यावरच्या पोराच्या आईनं करटुली आणि कुर्डू पाठवला, वाडा कोलमचा तांदूळ मी नेला होता. भात बुडाला लागला, कुर्डूत मीठ जास्त झालं, आणि तरीही काही उरलं नाही. उपाहारगृहाच्या मालकानं त्यानंतर आठवड्यातून एकदा नाचणीची भाकरी आणि पालेभाजी ठेवून पाहिली. तीन आठवडे चालली, चौथ्या आठवड्यात परीक्षा आली आणि बंद पडली. शेजवानचा तवा चालू आहे. फरक झाला तो एवढाच की सात-आठ मुलं डबा आणू लागली, आणि दोन मुलगे रात्रीच घरी भाजी निवडून ठेवू लागले. मोठा विजय म्हणता येणार नाही. बँकेत याला ‘खातं हललं’ म्हणतात.

त्याच दिवशी आम्ही नवी रोजकीर्द आखली. पाचवा रकाना घालायचा ठरला, पण त्याला नाव काय द्यायचं? मी फळ्यावर ‘फुकट’ असं लिहिलं. पोरगा उठला. “फुकट कसं सर? आई दोन तास चालते. अभयारण्य झाल्यापासून आत जायला देत नाहीत, लांबून कडेनं फिरून आणायला लागतं.” तुंगारेश्वर २००३ मध्ये अभयारण्य झालं, म्हणजे याच्या जन्माआधी. मी ‘फुकट’ पुसलं. बरीच भवति न भवति होऊन ‘विकत न घेतलेलं’ असं नाव पडलं.

दुसऱ्या फेरीच्या वह्या चौतीसपैकी फक्त चौदा आल्या. त्यात नालासोपाऱ्याच्या मुलीची होती. ‘कुठून आलं’ या रकान्यात या वेळी तांदळाचं दुकान, भाजीवाली, दूधवाला असं नीट लिहिलं होतं. आणि ‘आई’ हा शब्द तिथून निघून पाचव्या रकान्यात आला होता, पुढे वेळेसकट : ‘आई, पहाटे साडेचारपासून.’

येत्या जूनसाठी बाईंनी पुन्हा विचारलं आहे. मी पाच रकान्यांच्या चाळीस वह्या छापायला टाकल्या. पाड्यावरच्या पोरानं मात्र आईचा निरोप आणला आहे : शेवळं पहिल्या पावसात येतात, तुमचं कॉलेज उघडायची वाट बघत नाहीत. तेव्हा त्या साहेबांना म्हणावं, आधीच या.